मुंबई विद्यापीठाचा फोर्ट परिसर आणि राजाबाई टॉवर पाहायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी नातेवाइकांना, शेजाऱ्यांच्या मुलांना, गावाहून आलेल्या पाहुण्यांना हा परिसर दाखवत आलो आहे. त्यामुळे फोनवर आणि मेसेजवर तेच तेच प्रश्न येत राहतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी घेतले आहेत, गुंत्याचे नंतर. एका उत्तरात आलेली गोष्ट पुन्हा सांगितलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

1. हा परिसर नेमका कुठे आहे आणि तिथे कसं पोहोचायचं?

ओव्हल मैदानाच्या पूर्वेला, कर्मवीर भाऊराव पाटील मार्गावर. जुनी माणसं या रस्त्याला अजून मेयो रोड म्हणतात. चर्चगेट स्टेशनातून बाहेर पडून ओव्हलच्या मधल्या पायवाटेने निघालात की दहा मिनिटांत समोर पोहोचता. मध्य रेल्वेने येणाऱ्यांना सीएसएमटीवरून हुतात्मा चौकामार्गे वीसेक मिनिटं चालावं लागतं. मेट्रो 3 ने आलात तर हुतात्मा चौक स्थानकावर उतरा.

माझा आग्रह चर्चगेटचाच असतो. मैदान ओलांडताना टॉवर हळूहळू मोठा होत जातो. ते दृश्य टॅक्सीतून उतरणाऱ्याला मिळत नाही.

2. विद्यापीठ तर कालिन्याला आहे ना? मग फोर्टला काय आहे?

दोन्ही ठिकाणी आहे. फोर्टचा परिसर मूळचा. दीक्षांत सभागृह, जुनं ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर, म्हणजे घड्याळाचा मनोरा, तिथे आहेत. सांताक्रूझ पूर्वेचा कालिना परिसर, म्हणजे विद्यानगरी, पुष्कळ नंतरचा आणि आकाराने कितीतरी मोठा. बहुतेक विभाग आता तिकडे आहेत. भाषांचे विभाग रानडे भवनात आहेत आणि जवाहरलाल नेहरू ग्रंथालयही कालिन्यालाच आहे.

गुणपत्रिका किंवा पदवी प्रमाणपत्राच्या कामासाठी निघाला असाल तर फोर्टला जाऊ नका. परीक्षा भवन कालिन्याला आहे. कागदपत्रांची पिशवी घेऊन राजाबाई टॉवरखाली उभे असलेले पालक मला दोनदा भेटले आहेत, म्हणून मुद्दाम लिहितो.

3. आत सोडतात का? तिकीट किती?

हे चालतं विद्यापीठ आहे, संग्रहालय नाही. त्यामुळे तिकीटखिडकी नाही आणि रोजची ठरलेली दर्शनवेळही नाही. फाटकावर सुरक्षारक्षक असतात आणि कामाशिवाय आत सोडणं त्यांच्यावर बंधनकारक नाही. ओळखपत्र जवळ ठेवा आणि कशासाठी आलात ते सरळ सांगा. सभागृह आणि ग्रंथालय आतून पाहायचं असेल तर विद्यापीठाकडे आधी लेखी परवानगी मागावी. शहरात वारसा-फेऱ्या काढणाऱ्या संस्था आहेत, त्यांच्याबरोबर गेलात तर परवानगीची धावपळ वाचते. दीक्षांत समारंभ किंवा मोठी बैठक असेल त्या दिवशी प्रवेशाची अपेक्षाच ठेवू नका.

आत जाता आलं नाही म्हणून फेरी वाया गेली असं मात्र होत नाही. कोरीवकामाचा मोठा भाग बाहेरच्या अंगाला आहे आणि तो ओव्हलवरून आणि समोरच्या पदपथावरून उत्तम दिसतो.

4. राजाबाई टॉवरवर चढता येतं का?

नाही. सर्वसामान्यांना वर जायला बरीच वर्षं बंदी आहे. कारण दुःखद आहे. टॉवरवरून जीव देण्याच्या घटना घडल्या. 1891 मध्ये दोन तरुण पारशी स्त्रियांचा टॉवरवरून पडून मृत्यू झाला तेव्हा सगळं शहर हादरलं होतं. रक्षकांशी यावरून हुज्जत घालू नका.

5. कोणत्या वेळी जावं आणि किती वेळ लागेल?

दुपारी चारनंतर. इमारतींचं मुख्य तोंड पश्चिमेला आहे, त्यामुळे सकाळी समोरची बाजू सावलीत असते आणि संध्याकाळचं ऊन थेट दगडावर पडतं. पिवळसर दगड तेव्हा मधासारखा दिसतो. नुसतं बाहेरून पाहायला तास-सव्वातास पुरे. आतून पाहायची परवानगी असेल तर अडीच तास हाताशी ठेवा.

पावसाळ्यात जावं का, असंही बरेच जण विचारतात. जरूर जा. ओला दगड गडद होतो आणि कोरीवकामातले बारकावे उठून दिसतात. ओव्हलवर चिखल असतो तेवढा सांभाळा.

6. ओव्हलवरून पाहताना चारपाच इमारती एका रांगेत दिसतात. त्यातली विद्यापीठाची कोणती?

मैदानात टॉवरकडे तोंड करून उभे राहा. उजवीकडून, म्हणजे दक्षिणेकडून मोजत या. पहिली लांबलचक इमारत जुन्या सचिवालयाची. तिथे आता शहर दिवाणी व सत्र न्यायालय आहे. तिच्या डावीकडे उतरत्या छपराचं, चर्चसारखं दिसणारं दीक्षांत सभागृह. त्यानंतर ग्रंथालय आणि त्याच्या मधोमध टॉवर. टॉवरच्या डावीकडे मुंबई उच्च न्यायालय. म्हणजे रांगेतल्या मधल्या दोन इमारती विद्यापीठाच्या.

आता पाठ फिरवून पश्चिमेला पाहा. 1930 च्या दशकातल्या आर्ट डेको इमारतींची रांग दिसेल. गोलसर बाल्कन्या, फिके रंग आणि अंगावर आडव्या पट्ट्या. त्या इमारती समुद्रात भराव घालून मिळवलेल्या जमिनीवर आहेत. टॉवर बांधला तेव्हा मैदान आणि रेल्वेचे रूळ ओलांडले की पुढे बॅक बेचं पाणी होतं. इमारतींचं तोंड पश्चिमेला का आणि त्या बाजूला इतके व्हरांडे का, याचं उत्तर त्यात आहे. समुद्रावरचा वारा आत यावा, हा हेतू.

7. राजाबाई कोण? कुठली राणी होती का?

राणी नव्हे. राजाबाई म्हणजे प्रेमचंद रायचंद यांची आई. प्रेमचंद मूळचे सुरतेचे जैन व्यापारी. कापसाच्या आणि शेअरच्या व्यवहारात त्यांनी मुंबईत अमाप पैसा कमावला. 1864 मध्ये त्यांनी विद्यापीठाला आधी ग्रंथालयासाठी 2 लाख रुपये दिले आणि काही आठवड्यांनी टॉवरसाठी आणखी 2 लाख. टॉवरला आईचं नाव द्यावं, अशी त्यांची इच्छा होती. काही जण "राजाभाई टॉवर" लिहितात, ते चूक.

याबरोबर एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. राजाबाईंना दिसत नसे, त्या सूर्यास्ताआधी जेवण्याचा जैन नियम पाळत आणि टोल ऐकून त्यांना वेळ कळावी म्हणून मुलाने घड्याळ बांधलं, अशी ती गोष्ट. ही आख्यायिका आहे, ती आख्यायिका म्हणूनच सांगावी. दान 1864 चं आणि टॉवर पुरा झाला 1878 मध्ये, हा चौदा वर्षांचा अवधीही त्याबरोबर सांगावा. मला स्वतःला आख्यायिकेपेक्षा साधी हकिकत जास्त भावते. लाटसाहेबांची आणि राणीची नावं जागोजागी कोरली जात होती त्या काळात शहरातल्या सर्वांत उंच इमारतीला एका व्यापाऱ्याच्या आईचं नाव मिळालं, आणि ते आजही तसंच आहे.

8. पण प्रेमचंद रायचंद तर बुडाले होते ना? मग टॉवर बांधला कोणी?

बुडाले हे खरं. अमेरिकेत 1861 ला यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस इंग्लंडला जाईनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. त्या पैशावर शहरात शेअरचा सट्टा पेटला. 1865 मध्ये युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि त्याबरोबर बँका आणि कंपन्याही गेल्या. प्रेमचंदांचं साम्राज्यही त्यात गेलं.

विद्यापीठाला दिलेले 4 लाख मात्र त्याआधीच दिलेले होते. बांधकाम लगेच सुरू झालं नाही, तोवर त्या रकमेवर व्याज साठत गेलं. 1 मार्च 1869 ला पायाभरणी झाली, नोव्हेंबर 1878 मध्ये काम पुरं झालं आणि ग्रंथालय व टॉवर मिळून साधारण साडेपाच लाख रुपये खर्च आला. मुंबईतल्या त्या तेजीतली कितीतरी स्वप्नं कागदावरच विरली. हे दगडात उतरलं, कारण पैसा वेळेत हातावेगळा झाला होता. प्रेमचंद पुढे सावरले आणि 1875 मध्ये शेअर दलालांची जी संघटना झाली, म्हणजे आजच्या मुंबई शेअर बाजाराचं मूळ, तिच्या संस्थापकांत तेही होते.

9. ज्याने आराखडा केला तो माणूस मुंबईत कधी आलाच नाही, हे खरं का?

हो. सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी लंडनमध्ये बसून नकाशे केले आणि ते मुंबईला धाडले. लंडनच्या सेंट पँक्रास स्टेशनावरचं हॉटेल आणि ग्लासगो विद्यापीठाची मुख्य इमारत त्यांचीच. स्कॉट मार्च 1878 मध्ये वारले आणि टॉवर त्याच वर्षी नोव्हेंबरात पुरा झाला. म्हणजे त्यांनी ही इमारत पाहिली नाही आणि ती पुरी झाल्याचंही त्यांना कळलं नाही.

म्हणूनच "स्कॉटची इमारत" एवढंच म्हणून थांबणं मला पटत नाही. कागदावरची रेघ इथल्या उन्हापावसात कशी उभी करायची, कुर्ल्याच्या खाणीतला पिवळसर दगड भिंतीला आणि मऊ पोरबंदरी दगड कोरीवकामाला कसा वापरायचा, हे सगळं इथल्या अभियंत्यांनी, पाथरवटांनी आणि सुतारांनी निभावलं. त्यांच्यापैकी एकाचं नाव आपल्यापर्यंत पोहोचलं आहे, त्याबद्दल पुढच्याच उत्तरात.

10. टॉवरवर उंच माणसांचे पुतळे दिसतात. ते देवांचे आहेत की इंग्रजांचे?

दोन्हीही नाहीत, आणि या परिसरात एकच गोष्ट मन लावून पाहायची असेल तर हेच पुतळे पाहा.

टॉवर खाली चौकोनी आहे. पहिल्या सज्जाच्या वर तो अष्टकोनी होतो. तिथून वरच्या भागात एकूण चोवीस मूर्ती आहेत, माणसाच्या मापापेक्षा मोठ्या. त्या पश्चिम भारतातल्या जातिजमातींच्या माणसांच्या आहेत: मराठा, पारशी, कच्छी, बनिया, रजपूत आणि असे इतर. प्रत्येकाची पगडी किंवा पागोटं वेगळं, अंगरखा वेगळा, उभं राहण्याची ढब वेगळी. त्या काळी मुंबईच्या बाजारात गेलेल्या माणसाला नुसतं डोक्यावरचं बांधलेलं पाहून समोरचा कुठला ते ओळखता येई. ती ओळख इथे दगडात आहे.

या मूर्ती रावबहादूर मुकुंद रामचंद्र या साहाय्यक अभियंत्याने घडवल्या. गॉथिक शैलीच्या युरोपातल्या इमारतीत अशा कोनाड्यांत संत आणि राजे उभे असतात. इथे त्या जागी आपल्या बाजारपेठेतली माणसं आली. स्कॉटच्या टॉवरला मुंबईचा चेहरा मिळाला तो इथे, असं मी प्रत्येक पाहुण्याला सांगतो.

माणसांना जातवार नमुन्यांत मांडण्याची ती वसाहतकाळाची नजर होती, हेही खरं. जनगणनेच्या तक्त्यांत आणि त्या काळच्या छायाचित्रसंग्रहांत तीच नजर दिसते. मुलांना दाखवताना तेही सांगावं. पण घडवणारा हात परका नव्हता, म्हणून चेहरे जिवंत आहेत.

साध्या डोळ्यांनी खालच्या मूर्ती कळतात, वरच्यांसाठी दुर्बीण हवी. फोनच्या कॅमेऱ्याने झूम करूनही बरंच दिसतं.

11. हा लंडनच्या बिग बेनची नक्कल आहे का?

बिग बेनवरून कल्पना घेतली असं सर्रास म्हटलं जातं. शहराच्या मध्यभागी उंच घड्याळी मनोरा ही कल्पना तेवढी सारखी आहे. बाकी चौकोनातून अष्टकोनात जाणारी बांधणी, वरच्या मूर्ती आणि खालून गाडी जाईल अशी पोर्च, हे सगळं इथलं वेगळं आहे. राजाबाई टॉवरची उंची 280 फूट म्हणजे सुमारे 85 मीटर. लंडनचा मनोरा त्याहून थोडा उंच आहे.

12. घड्याळ अजून चालतं का? टोल ऐकू येतात का?

चालतं, आणि दर पंधरा मिनिटांनी टोलही पडतात. घड्याळ लंडनच्या लुंड अँड ब्लॉकली या कंपनीचं. सुरुवातीला त्याच्या घंटांवर सोळा वेगवेगळ्या धून वाजत आणि दिवसातून चार वेळा धून बदलत असे. त्यात ब्रिटिश राष्ट्रगीतही होतं. आता एकच धून वाजते.

टोल नीट ऐकायचे असतील तर रविवारी सकाळी लवकर जा. एरवी बसगाड्यांच्या आवाजात ते दबतात. रविवारी ओव्हलवर क्रिकेट सुरू असतं. फलंदाज स्टान्स घेत असतानाच टोल पडायला लागतात आणि कोणी वळूनही पाहत नाही, इतके ते तिथल्यांच्या सवयीचे झाले आहेत.

13. दीक्षांत सभागृहात काय पाहायचं? सगळे नुसतं "सुंदर आहे" म्हणतात.

पूर्ण नाव सर कावसजी जहांगीर दीक्षांत सभागृह. कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी त्यासाठी 1 लाख रुपये दिले होते आणि 1874 मध्ये ते पुरं झालं. त्यांचा पुतळा बाहेर बागेत आहे, टॉमस वुल्नर या इंग्रज शिल्पकाराने केलेला. "रेडीमनी" हे आडनाव ऐकून मुलं हसतात. हातात कायम रोख पैसा असलेलं घराणं, म्हणून व्यापारात पडलेलं ते नाव.

आत गेलात की आधी मागे वळून गोल खिडकीकडे पाहा. व्यास सुमारे 20 फूट. तिच्या कडेच्या वर्तुळात रंगीत काचांमध्ये बारा राशी आहेत. मेष, वृषभ, मिथुन असं ओळखत जाता येतं. पत्रिकेतल्या राशी गॉथिक खिडकीत पाहून माझ्या आजीला इतका आनंद झाला की तिने आपली कन्या रास सापडेपर्यंत आम्हाला हलू दिलं नव्हतं.

मग सभागृहाच्या तिन्ही बाजूंनी फिरलेल्या सज्जाकडे पाहा. तो लोखंडी कंसांवर तोललेला आहे. सभागृह 104 फूट लांब, 44 फूट रुंद आणि छताच्या टोकापर्यंत 63 फूट उंच आहे. व्यासपीठाकडचा भाग अर्धवर्तुळाकार असून मोठ्या कमानीने वेगळा केलेला आहे. चर्चमध्ये जिथे वेदी असते तिथे इथे कुलगुरू आणि अधिसभेचे सदस्य बसत. पदवी घ्यायला जाणाऱ्या विद्यार्थ्याला मधल्या वाटेने त्या कमानीपर्यंत चालत जावं लागे, आणि ते चालणं भारदस्त वाटावं अशीच सगळी रचना आहे.

बाहेर पडताना दोन्ही अंगांचे गोल, उघडे जिने चुकवू नका. खांबांच्या मधून आकाश दिसत राहतं आणि जिना वळत वर जातो. मला सगळ्या परिसरात सर्वांत आवडतात ते हे जिने.

14. ग्रंथालयात बसून वाचता येतं का? रंगीत काचा तिथल्याच प्रसिद्ध ना?

ग्रंथालय वाचकांसाठी आहे, आणि वाचक म्हणून नियमानुसार नोंद असलेल्यांनाच बसता येतं. फक्त पाहायला जाणाऱ्यांसाठी प्रश्न 3 मधलं लागू.

रंगीत काचांच्या खिडक्या सभागृहातही आहेत, पण वरच्या मजल्यावरच्या वाचनकक्षातल्या जास्त नावाजलेल्या आहेत, आणि त्या नुसत्या शोभेच्या नाहीत. पश्चिमेचं ऊन थेट पुस्तकावर पडलं तर वाचणं अशक्य होईल, कागदही खराब होईल. काचांतून गाळलेला उजेड डोळ्यांना सोसतो. दुपारी त्या उजेडाचे निळे-लाल तुकडे टेबलांवर सरकत असतात. तिथे बोलू नका. कुजबुजसुद्धा उंच छताखाली दूरवर जाते आणि शेजारी कोणाचातरी प्रबंध चाललेला असतो.

टॉवर आणि ग्रंथालयाचं जतनकाम 2015 मध्ये पुरं झालं. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने त्याला अर्थसाहाय्य दिलं होतं. काचा उतरवून साफ केल्या, तुटक्या बदलल्या, दगडावरची काजळी काढली. या कामाला 2018 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसाजतन पुरस्कारांत स्थान मिळालं.

15. विद्यापीठ 1857 चं आणि सभागृह 1874 चं. मधली सतरा वर्षं विद्यापीठ कुठे होतं?

स्वतःचं छप्पर नसतानाच ते चाललं होतं. 18 जुलै 1857 ला मुंबई विद्यापीठ कायद्याने स्थापन झालं. उत्तर हिंदुस्थानात उठाव पेटला होता, त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यातली ही गोष्ट. कोलकाता आणि मद्रास विद्यापीठंही त्याच वर्षीची. पहिली प्रवेशपरीक्षा 1859 मध्ये झाली आणि 1862 मध्ये पहिले बी.ए. बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. म्हणजे ज्यांच्यामुळे विद्यापीठाचं नाव झालं ती पहिली पिढी या सभागृहाचा पायाही घातला जाण्याआधी पदवीधर झाली होती. परीक्षांसाठी आणि समारंभांसाठी टाऊन हॉल वापरत. पायऱ्यांची ती पांढरी इमारत आज एशियाटिक सोसायटी म्हणून ओळखली जाते आणि इथून पंधरा मिनिटांवर आहे. दिवसभर हाताशी असेल तर फेरी तिथून सुरू करा.

16. टिळक, आंबेडकर, गांधीजी या इमारतीत शिकले का?

या प्रश्नात एक गैरसमज दडलेला आहे. सुरुवातीचं मुंबई विद्यापीठ लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होतं. शिकवणं कॉलेजांचं काम, आणि परीक्षा घेणं व पदवी देणं विद्यापीठाचं. स्वतःचे शिकवणारे विभाग विसाव्या शतकात आले. 1919 मध्ये समाजशास्त्राचा विभाग पॅट्रिक गेडीस यांच्याकडे सोपवला गेला, तो सुरुवातीच्या विभागांपैकी.

म्हणून नेमकं बोलायचं तर टिळक पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले आणि बाबासाहेब एल्फिन्स्टन कॉलेजात. दोघांची बी.ए. पदवी मुंबई विद्यापीठाची. गांधीजींनी 1887 मध्ये अहमदाबादेतून मॅट्रिकची परीक्षा दिली, ती याच विद्यापीठाची. तेव्हा पुणे, गुजरात, सिंध आणि कर्नाटकाचा काही भाग या एकाच विद्यापीठाखाली येत असे. कॉर्नेलिया सोराबजी या इथल्या पहिल्या महिला पदवीधर, त्याही डेक्कन कॉलेजच्याच. इथे पहिले भारतीय कुलगुरू झाले ते काशिनाथ त्रिंबक तेलंग, 1892 मध्ये, आणि त्यांच्यानंतर प्रश्न 15 मध्ये आलेले भांडारकर.

17. मित्र म्हणाला, "कावसजी जहांगीर हॉलमध्ये चित्रप्रदर्शन पाहिलं." तो विद्यापीठातलाच हॉल का?

नाही. ही गल्लत फार होते. रिगल सिनेमाच्या चौकाजवळ याच घराण्याच्या पुढच्या पिढीच्या देणगीतून उभा राहिलेला सर कावसजी जहांगीर सार्वजनिक सभागृह वेगळा. तिथे 1996 पासून राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे. काळा घोड्याची जहांगीर आर्ट गॅलरी तिसरी, 1952 ची, तीही याच घराण्याच्या दानातली. टॅक्सीवाल्याला नुसतं "जहांगीर" सांगितलंत तर तो गॅलरीसमोर सोडेल.

18. एल्फिन्स्टन कॉलेजची जुनी इमारतही याच परिसरात मोडते का?

मोडत नाही. विद्यापीठाच्या मागच्या बाजूने महात्मा गांधी मार्ग जातो. त्याच रस्त्यावर, थोडं दक्षिणेला, जहांगीर गॅलरीसमोर एल्फिन्स्टन कॉलेज आणि त्याला लागून डेव्हिड ससून ग्रंथालय आहे. चालत पाचसात मिनिटं. एल्फिन्स्टन एकेकाळी मुंबई विद्यापीठाचं होतं, पण 2019 पासून ते डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठात गेलं आहे. दोन्ही इमारती एकाच फेरीत पाहाव्यात. फक्त मुलांना माहिती सांगताना दोन संस्था एक करू नका.

19. हे जागतिक वारसा स्थळ आहे म्हणतात. टॉवर एकटा की सगळा भाग?

सगळा भाग. 2018 मध्ये युनेस्कोने मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको इमारतींचा समूह यादीत घेतला. ओव्हल मध्ये धरून दोन्ही बाजूंच्या इमारती आणि मरीन ड्राइव्ह मिळून एकूण 94 इमारती त्यात आहेत. मुंबईतलं हे तिसरं स्थळ. घारापुरीच्या लेणी 1987 मध्ये आणि सीएसएमटी 2004 मध्ये यादीत आली. प्रश्न 14 मधला 2018 चा पुरस्कार वेगळा, तो जतनकामाबद्दलचा. वर्ष एकच असल्यामुळे दोन्हींची सरमिसळ होते.

20. पुणे विद्यापीठाची मुख्य इमारतही अशीच जुनी आहे. तिचा आणि हिचा काही संबंध?

काळ साधारण तोच, बाकी संबंध नाही. गणेशखिंडीतली ती इमारत गव्हर्नरच्या पावसाळी मुक्कामासाठी बांधलेला बंगला होता. आराखडा जेम्स ट्रबशॉ यांचा आणि शैली इटालियन वळणाची. 1949 मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झालं तेव्हा ती त्याच्याकडे आली. 22 जून 1897 च्या रात्री रँडवर चाफेकर बंधूंनी गोळी झाडली, तेव्हा तो याच बंगल्यातला समारंभ आटोपून परतत होता. मुंबईची इमारत पहिल्यापासून विद्यापीठासाठीच बांधलेली आहे, मोठा फरक हा.

21. आईबाबांना गुडघ्यांचा त्रास आहे. त्यांना जमेल का?

बाहेरची फेरी सपाट आहे, सहज जमते. टॅक्सी थेट कर्मवीर भाऊराव पाटील मार्गावर न्या. आतले जुने जिने मात्र वळणदार आणि चढणीचे आहेत, तिथे त्यांना नेऊ नका. पाण्याची बाटली आणि टोपी जवळ ठेवा, मैदानात सावली फक्त कडेच्या झाडांखाली मिळते.

22. फोटो काढू देतात का? लग्नाआधीचं शूटिंग, ड्रोन?

रस्त्यावरून आणि मैदानातून फोनने हवे तितके काढा. आवारात मोठा कॅमेरा, ट्रायपॉड किंवा शूटिंगसाठी विद्यापीठाची परवानगी लागते. शेजारी उच्च न्यायालय आहे, तिथल्या पोलिसांनी हटकलं तर कॅमेरा खाली घ्या. ड्रोन घरीच ठेवा, पोलिसांच्या परवानगीशिवाय या भागात तो उडवता येत नाही.

23. आठवी-नववीच्या चाळीस मुलांना आणायचं आहे. रांगेत उभं करून माहिती सांगितली की ती कंटाळतात. काय करावं?

आत न्यायचं असेल तर शाळेच्या पत्रावर आधी परवानगी घ्या आणि वीस-वीसचे दोन गट करा. माहिती कमी सांगा, शोधायला जास्त द्या. मी करतो ते असं: ओव्हलवर चार-चार मुलांमागे एक दुर्बीण द्यायची आणि टॉवरवरच्या मूर्तींची पागोटी कागदावर काढायला सांगायची. किती वेगवेगळी सापडली ते मोजायचं. मग टॉवरची उंची मोजायला लावायची. एका मुलाची उंची, त्याची सावली आणि टॉवरची सावली, एवढ्यावर त्रैराशिकाने उत्तर निघतं. सावली इमारतीच्या मागच्या बाजूला पडते त्यामुळे दुपारी हे जमत नाही, सकाळी साडेनऊच्या सुमारास करा. तेव्हा टॉवरच्या टोकाची सावली ओव्हलकडे येते. बुंध्यापर्यंतचं अंतर फाटकाबाहेरून अंदाजाने घ्यावं लागतं, म्हणून उत्तर 250 आणि 310 फुटांच्या मध्ये आलं तरी पूर्ण गुण द्या. खरा आकडा प्रश्न 11 मध्ये आहे, तो त्यांना आधी सांगू नका.